जलालपूरचे पाणी

नाशिकच्या गंगापूर रोडवर आता शहर कुठे संपते ते कळत नाही. राघोबादादांच्या आनंदीबाईंचे नाव सांगणारी आनंदवल्ली कधीच वस्तीत मिसळली. पुढे सोमेश्वर, गोदावरीचा धबधबा, भजी-कणसांच्या गाड्या. बहुतेकांची सहल इथेच संपते. मराठी वाचकाने मात्र आणखी थोडे पुढे, जलालपूरपर्यंत जावे. १८६८ साली याच गावात गोखल्यांची मनकर्णिका जन्मली. सासरी ती लक्ष्मीबाई टिळक झाली.

माहेरी सोवळे कडक. १८५७च्या बंडात मनूच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धसक्याने तिच्या वडिलांना सोवळ्याने जे पछाडले ते कायमचे. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची. धान्य धुवायचे, पण मीठ आणि साखरसुद्धा! पाण्याखाली विरघळत जाणारे मीठ पाहत वाढलेली ही मुलगी.

अकराव्या वर्षी तिचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. शाळा नाहीच, अक्षरओळखही नवऱ्याकडून. १८९५ साली टिळक मुंबईत ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई लहानग्या मुलासह नातलगांच्या आधाराने राहिल्या. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या, तरी आपली चूल आणि पाणी त्यांनी वेगळेच ठेवले. मग राहुरीत एक दिवस एकट्याच बसून विचार करताना त्यांना उमगले, की जात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे. त्यानंतर कुणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले. उपदेशाने नव्हे, स्वतःच्या बुद्धीने त्या तिथवर पोचल्या. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रातला हा प्रसंग मराठी गद्यातल्या सर्वांत निर्भय प्रसंगांपैकी एक आहे.

त्यांच्यातली कवयित्री मात्र आत्मचरित्राच्या सावलीत राहिली, हा अन्यायच. १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि एकटीने ६४ अध्याय रचले. बालकवी ठोंबरे ज्यांच्या घरी मुलासारखे राहिले, त्या माउलीचे हे काम किती जणांनी वाचले आहे?

‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे नाशिकमध्येच निधन झाले. शेवटचा भाग त्यांच्या पश्चात निघाला. जलालपूरला जाणाऱ्याने निदान पहिला भाग आधी वाचावा, आणि परतल्यावर ‘ख्रिस्तायन’ उघडावे.