दर चौरस फुटाचा

आमच्या मेजावर तीन कागद पडलेले होते आणि त्या तीन कागदांनीं आमच्या घरांतील शांतता आठवडाभर नाहींशी केली होती. मळवलीजवळ, लोहगड-विसापूर समोर दिसतील अशा जागीं, निवृत्तीनंतर एक लहानसें घर बांधावें हा आमचा बेत. भविष्यनिर्वाह निधीचे 25 लाख रुपये हातीं आले, त्यांपलीकडे आमच्यापाशीं कांहीं नाहीं. आणि मातोश्रींचें वय चौऱ्यांशी असल्यामुळें 'पुढें पाहूं' असेंहि म्हणण्याची सोय नव्हती. तिघां कंत्राटदारांकडून दर मागविले. पहिल्याचा दर चौरस फुटास 1,750 रुपये, दुसऱ्याचा 2,050, आणि तिसरा वडगांवकडील एक वयस्क गवंडी, त्याचा 2,300. ह्यांतील सर्वांत लहान आंकडा कोणता हें आम्हांला शाळेंत शिकविलें होतें. तेवढ्याच विद्येवर आम्ही पहिल्या कागदावर सही करणार होतों.

सही राहिली ती आमच्या चुलत्यांमुळें. नानांची हयात सार्वजनिक बांधकाम खात्यांत ओव्हरसियर म्हणून गेलेली. त्यांनीं चष्मा लावून कागद वाचला, उलटून पाठ पाहिली, आणि विचारलें, "अरे, ह्यांत घर कुठें आहे?"

दर चौरस फुटाचा खरा. पण तो चौरस फूट कोणता, हें आम्हीं विचारलेंच नव्हतें. आम्हांला राहावयास हजार चौरस फूट हवे होते, म्हणून खर्च साडेसतरा लाख, असा आमचा भाबडा गुणाकार. पहिल्या कंत्राटदारानें मात्र भिंतींची जाडी, जिना, पुढचा ओटा, गच्ची आणि तिच्यावर जिना निघतो ती टोपी, हें सगळें धरून 1,340 चौरस फूट भरविले होते. रक्कम झाली 23,45,000. गवंड्यानें गच्ची मोजलीच नव्हती आणि ओटा अर्धा धरला होता. त्याचे 1,190 फूट, म्हणजे 27,37,000. अजूनहि पहिलाच स्वस्त, असें म्हणून आम्हीं नानांकडे विजयी मुद्रेनें पाहिलें. नानांनीं बोट कागदाच्या तळाशीं नेलें. तेथें मुंगीएवढ्या अक्षरांत 'कर वेगळा' असें होतें. एकट्या घरासाठीं नुसत्या मजुरीचें कंत्राट दिलें तर वस्तु-सेवा कर लागत नाहीं. मालासकट दिलें तर शेंकडा 18 लागतो. तो मिळविल्यावर स्वस्त घर 27,67,100 रुपयांवर गेलें. गवंड्याच्या दरांत कर धरलेला होता.

आणि ही तर सुरुवात. पहिल्या कागदांत जोतें दोन फुटांपर्यंतच. खोदाई मुरूम लागेल तोंवरच. मैल्याची टाकी नाहीं, आणि मावळांतल्या पावसांत जिच्यावांचून स्लॅब म्हणजे चाळण, ती जलरोधनाची बाबहि नाहीं. लोखंड चौरस फुटास तीन किलो, जास्त लागल्यास मालकाचें. अशा लहान घराला चौरस फुटामागें चारेक किलो लोखंड आणि पोत्याचे चार दशांश सिमेंट, असा नानांचा ढोबळ हिशेब; रचनेप्रमाणें थोडें कमीजास्त व्हावयाचें, पण तीन किलोंत भागणार नाहीं, हें लिहिणाऱ्यालाहि ठाऊक असावें. जवळच कार्ल्याच्या चैत्यगृहांत कित्येक खांबांवर तो खांब कोणाच्या दानाचा हें कोरून ठेवलेलें आहे. इतका स्वच्छ हिशेब पांढऱ्यावर काळें करणाऱ्याला कां जमूं नये?

हप्त्यांत तर खरी मेख होती. जोतें होईपर्यंत शेंकडा 40 द्यावयाचे. तोंवर उभें राहणारें काम, नानांच्या मतें, पांचव्या हिश्शाचेंहि नसतें. मग पाऊस लागतो, काम चार महिने थांबतें. पैसे त्याच्यापाशीं आणि जोतें आपल्यापाशीं. दुसऱ्या कागदाची कथा ह्याच वळणाची, थोडी सौम्य.

ह्यानंतर आम्हीं कंत्राटदार ह्या जातीविषयीं चार कठोर शब्द उच्चारले. ते नानांना रुचले नाहींत. केंद्र सरकारचें बांधकाम खातें आपल्या दरांच्या फोडींत कंत्राटदाराचा नफा व वरखर्च मिळून शेंकडा 15 धरतें. तो चोरून घ्यावा लागला म्हणजे माणूस सिमेंटांत घेतो, असें ते म्हणाले. शिवाय कंत्राटदार बुडाला म्हणून आपण तरतों असें नाहीं. भोर घाटांतील रेल्वेचें काम 1856 सालीं फेव्हिएल नांवाच्या कंत्राटदाराकडे होतें. पोटकंत्राटदारांकडून मजुरी हातीं पडेना, म्हणून 1859 च्या जानेवारींत मजुरांनीं दंगा केला, आणि त्याच वर्षीं फेव्हिएलनें काम सोडलें. नंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या पत्नीनें, ॲलिसनें, दोन अभियंत्यांकरवीं काम चालविलें, तेव्हां 1863 सालीं घाट खुला झाला. आपल्या घराला ॲलिसबाई मिळणार नाहीं, असें नाना म्हणाले.

गवंड्याला बोलाविलें. आमच्या सौभाग्यवतींनीं मेथीच्या जुडीवर करतात तशी घासाघीस आरंभिली. गवंडी शांतपणें म्हणाला, "ताई, दर खाली आणतो की. पन मग काय कमी करायचं तेवढं तुमी सांगा. सिमेंट, का लोखंड, का पोरांची मजुरी?"

खोलींत कोणी बोलेना. शेवटीं माडीवरची आमची लिहिण्याची खोली कमी केली. तिच्याबरोबर 130 चौरस फूट गेले आणि आंकडा 24,38,000 वर आला. मातोश्रींची तळमजल्यावरची खोली राहिली. गवंड्याच्या कागदांत एक ओळ अशीहि होती, कीं पाषाण लागल्यास फोडाई ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर, मालकासमक्ष मोजून. हीच ओळ आम्हांला आरंभीं लबाडीची वाटली होती.

पायाचे खड्डे सुरू झाले आणि तिसऱ्या फुटालाच, पूर्वेच्या कोपऱ्यांत, काळा पाषाण लागला. गवंड्यानें निरोप धाडून आम्हांला बोलावून घेतलें, टेपाचें एक टोंक आमच्या हातीं दिलें, आणि खड्ड्यांत उतरून मोजूं लागला. साडेचार ब्रास भरले. मातोश्री छत्री घेऊन कडेला खुर्चीवर बसल्या होत्या. "माझी खोली ह्याच कोपऱ्यांत ना रे?" त्यांनीं विचारलें. आम्हीं होय म्हटलें. त्यांनीं खालीं वाकून दगडाकडे पाहिलें आणि गवंड्याला चहा देण्याविषयीं सांगितलें.