‘जातो’ म्हणाला, पण गेला नाही



मत्तयच्या शुभवर्तमानात, 21व्या अध्यायात, दोन मुलांची गोष्ट आहे. बाप दोघांना द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगतो. एक ‘नाही’ म्हणतो, पण पस्तावून जातो. दुसरा ‘जातो’ म्हणतो आणि जात नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात ही गोष्ट आम्ही कितीदा तरी शिकवली. यंदा ती शिकवायच्या रविवारीच आम्ही तो दुसरा मुलगा झालो.

शेजारच्या वृद्ध मावशींना मिस्साला न्यायचं कबूल केलं होतं. वर्गाच्या गडबडीत विसरलो. दुपारी आठवलं तसे धावत गेलो. मावशी इस्त्रीची साडी नेसून, हातात रोझरी घेऊन पायरीवरच बसलेल्या. “काम निघालं असेल तुम्हाला,” एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी हे सांगितलं, तर धाकटी म्हणाली, “तुम्ही ‘बघतो’ म्हणालात की मी ‘नाही’च समजते.”

तेव्हापासून आम्ही ‘बघतो’ म्हणणं सोडलं. जमणार नसेल तर तिथेच नाही म्हणतो. हो म्हटलं की वहीत लिहितो. अडचण आली तर वेळेआधी कळवतो. ऑफिसातही हाच नियम.

आता दर रविवारी मावशींना नेतो. तरी त्या आदल्या रात्री फोन करून विचारतात, “उद्या येताय ना?” त्यांचा विश्वास परत मिळवायला अजून बरेच रविवार लागतील.

हे प्रभो, दिलेला शब्द पाळायला आम्हाला शिकव. आमेन.