गेटवरची वही

करोनाची टाळेबंदी लागली त्या आठवड्यात सोसायटीच्या नोटीस बोर्डासाठी मी एक कागद टाइप केला. सेक्रेटरी होऊन मला जेमतेम सहा महिने झाले होते. घरकामाच्या बायका, इस्त्रीवाला, पेपर टाकणारा मुलगा, कुणालाही पुढील सूचनेपर्यंत आत प्रवेश नाही. दूध गेटवरून घेऊन जावे. गच्चीला कुलूप राहील. कागदाला जरा वजन यावं म्हणून वर एक ओळ घातली : ‘साथरोग कायदा, १८९७ अन्वये’. त्या दिवसांत प्रत्येक सरकारी आदेशात ती दिसत होती, तिथूनच उचलली. टाइप करताना त्या सालापाशी बोट अडखळलं. पुण्यात वाढलेल्या माणसाला ते साल ओळखीचं असतं. चापेकर बंधू शिकवताना आमच्या बाई ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायच्या. प्लेग, रँड, गणेशखिंडीचा रस्ता, २२ जूनची रात्र. रँडच्या हातात कुठला कायदा होता, हे मात्र वर्गात कधी निघालं नाही. तो हाच. ४ फेब्रुवारी १८९७ चा, अवघ्या चार कलमांचा, एका पानात मावणारा. मी तो माझ्या कागदाला जोडला, प्रिंट काढली आणि बोर्डाला चार टाचण्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मावशी गेटवर उभ्या. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतून आतल्या बोळांनी, पोलीस चुकवत आलेल्या. तोंडाला पदर. बारा वर्षं त्या आमच्याकडे कामाला येत होत्या. गेटच्या गजांना हात लावू नका, असं वॉचमनने सांगितल्यामुळे त्या दोन पावलं मागे सरून उभ्या होत्या आणि हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. मी आतून म्हणाले, “मावशी, आत नाही हो येता यायचं. साथ आहे.”

“ताई, टीव्हीवर म्हणत्यात त्यो विमानातनं आलाय. मी तर बसनंबी येत नाही, चालत येते.”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. महाराष्ट्रातले पहिले दोन रुग्ण ९ मार्चला आमच्याच पुण्यात सापडले होते आणि ते दुबईची सहल करून आलेले होते. आमच्या बी विंगमध्ये परदेशातून परतलेला एक मुलगा होता. त्याच्या डाव्या हाताच्या पाठीवर विलगीकरणाचा शिक्का होता, मतदानाला बोटाला लावतात त्या शाईचा. घराबाहेर पडायचं नाही असं त्याला बजावलेलं होतं, तरी संध्याकाळी तो लिफ्टने खाली येऊन पार्किंगमध्ये फेऱ्या मारायचा. त्याला आम्ही समजावून सांगितलं, फोनवर, गोड शब्दांत. मावशींना मात्र गेट बंद होतं.

टाळेबंदी नको होती, असं माझं म्हणणं तेव्हाही नव्हतं, आजही नाही. घरी बसवून ठेवणं म्हणजे जुलूम, माझा देह माझ्या मालकीचा, मी मास्क लावीन नाही तर नाही, असं म्हणणारी माणसं माझ्या नात्यातही आहेत. त्यांच्याशी माझं जमलं नाही. श्वास माझा असतो तो आत असेपर्यंत. सोडला की तो खोलीतल्या सगळ्यांचा होतो. एप्रिल २०२१ मध्ये माझ्या आतेभावासाठी आम्ही रात्रभर खाट शोधत होतो, सहा जण सहा फोन घेऊन. पहाटे खाट मिळाली, तिसऱ्या दिवशी तो गेला. कुणीतरी कुठेतरी एक लग्न पुढे ढकललं असतं, एक पार्टी रद्द केली असती, तर त्याच्यापर्यंत येणारी साखळी तुटली असती का, याचा हिशेब कधीच लागणार नाही. पण तो मनातून जातही नाही. म्हणून बंधन असावं की नसावं, हा माझ्यापुढचा प्रश्न कधी नव्हताच. मी घातलेल्या बंधनाची किंमत कुणी मोजली, या प्रश्नाने मात्र गेली काही वर्षं मला सोडलेलं नाही.

त्या टाळेबंदीत वेळ भरपूर होता. मी १८९७ बद्दल मिळेल ते वाचायला घेतलं. प्लेग आदल्या वर्षी, सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला उघड झाला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. पुण्यात साथ भडकल्यावर साताऱ्याहून वॉल्टर चार्ल्स रँडला आणून प्लेग कमिटीचा प्रमुख नेमलं आणि घरझडतीला गोरे शिपाई लावले. ते बूट घालून स्वयंपाकघरात शिरले, देवघरात शिरले. बायकांना अंगणात, रस्त्यावर उभं करून तपासलं. रोगी सापडला की त्याला इस्पितळात न्यायचं, घरच्यांना सेग्रिगेशन कॅम्पमध्ये पाठवायचं, कपडेलत्ते जाळायचे, जमीन उकरायची, भिंतींना चुना फासायचा. शाळेत हे सगळं मी निव्वळ क्रौर्य म्हणून शिकले होते. मोठेपणी वाचताना वेगळीच गोष्ट अंगावर आली. या माणसांना साथ खरोखरच थांबवायची होती. आणि ती कशाने पसरते हे त्यांना ठाऊक नव्हतं. प्लेग उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो, हे पॉल-लुई सिमाँने कराचीत ताडलं ते १८९८ साली. म्हणजे पुण्यात जमिनी उकरल्या जात होत्या, माणसं घरातून उचलली जात होती, तेव्हा ज्ञान अपुरं होतं आणि अधिकार मात्र पुरेपूर होता.

वाचता वाचता मला गच्ची आठवली.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहत. वय ८३. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बंगळूरला. रोज संध्याकाळी पाच वाजता काठी टेकत ते गच्चीवर जायचे आणि टाकीच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. समोर सिंहगडाची रेघ दिसते, तिच्यामागे सूर्य जाईपर्यंत. गच्चीला कुलूप घातल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी माझी बेल वाजवली. दारापासून लांब उभे राहिले, रुमाल तोंडावर धरून.

“बाळ, दहा मिनिटं किल्ली देशील? मी एकटाच जाईन. कशाला हात लावणार नाही.”

मी म्हणाले, “आजोबा, एकाला दिली की सगळ्यांना द्यावी लागेल. तुमच्याच काळजीपोटी चाललंय हे.” ते मान हलवून परत गेले. पुन्हा कधी मागायला आले नाहीत. त्यांच्या पावलांचा आणि काठीचा जिना उतरतानाचा आवाज मला अजून ऐकू येतो. किल्ली माझ्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारच्या खिळ्याला टांगलेली होती. जुलैत ते हृदयविकाराने गेले. पुढे कळलं की हा विषाणू मुख्यत्वे बंद खोल्यांतल्या हवेतून पसरतो आणि उघड्यावर धोका सगळ्यात कमी. आम्ही भाज्या सोड्याच्या पाण्यात बुडवत होतो, दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो, आणि सबंध इमारतीत जी एक जागा निर्धास्त होती तिलाच कुलूप घालून बसलो होतो. कळत नव्हतं, हे खरं. पण न कळण्याचा भार माझ्यावर पडला नाही. माझ्या घराला मोठी बाल्कनी आहे. आजोबांचं घर मागच्या बाजूला, त्यांच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत.

त्या चार कलमांतलं शेवटचं कलम असं आहे की या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कुणावरही दावा चालणार नाही. सद्भावना माझ्यातही होती. खोटं कशाला सांगू, भरपूर होती.

लोकमान्य टिळकांनी त्या वेळी घेतलेली भूमिका मला आता पूर्वीपेक्षा जास्त कळते. रोग्याला वेगळं ठेवू नये, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. ते ज्या रीतीने केलं जात होतं तिच्यावर त्यांचा घाव होता. आणि शहरातले बरेच पुढारी बाहेरगावी निघून गेले असताना ते पुण्यातच राहिले, हिंदू प्लेग इस्पितळ चालवण्यासाठी खपले. तिथे रहा आणि मग बोला, एवढी साधी अट त्यांनी स्वतःला घातली होती.

पण त्या वर्षातलं जे मला सारखं आठवतं ते पेठांपासून दूर, हडपसरच्या बाजूला घडलं. सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या डॉक्टर मुलाला, यशवंतरावांना बोलावून घेतलं आणि गावापासून लांब, मोकळ्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या एका मुलाला, पांडुरंग गायकवाडला प्लेगची गाठ आल्याचं समजल्यावर त्या स्वतः त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. हे आपण त्याग म्हणून सांगतो, आणि तो आहेच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. गावाबाहेरचा तो दवाखाना म्हणजेही विलगीकरणच होतं. रोगी घरातून उचलून लांब नेणं, हे रँडचे शिपाईही करत होते आणि सावित्रीबाईही. त्यांनी उचललेल्या मुलाचं वजन त्यांच्या स्वतःच्या पाठीवर होतं, एवढाच फरक, आणि मला तो जमीन-अस्मानाचा वाटतो.

आम्ही मावशींचं वजन कुठे घेतलं? पहिले दोन महिने मी पूर्ण पगार दिला, तिसऱ्या महिन्यात अर्धा. मावशी आणखी पाच घरी काम करायच्या. त्यांतल्या तिघांनी एप्रिलपासूनच हात वर केले, “काम नाही तर पैसे कसले?” मला हे माहीत होतं. मी सेक्रेटरी होते. ज्यांना आपण आत येऊ देत नाही त्यांचा पगार चालू ठेवायचा, असा ठराव मी मीटिंगमध्ये मांडू शकले असते. गेट बंद करण्याचा ठराव मांडला तेव्हा कुणी हूं की चूं केलं नव्हतं, सगळ्यांचे अंगठे वर. दुसरा ठराव मी मांडला नाही. वाद होईल, ग्रुपवर कडवट मेसेज येतील, साथीच्या दिवसांत आणखी कटकट नको, असं वाटलं. सुरक्षितता सगळ्या सोसायटीची होती आणि तिची किंमत पायथ्याच्या वस्तीतली सहा-सात घरं भरत होती, पत्र्याखाली, एकेका खोलीत पाच-पाच माणसं. तिथे दोन हातांचं अंतर कुठून आणायचं?

मे महिन्याच्या ८ तारखेला करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याहून भुसावळला चालत निघालेली माणसं. पुढे कुठेतरी गावाकडे जाणारी गाडी मिळेल या आशेवर. रुळांमध्ये विखुरलेल्या चपात्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिला. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर हळहळ होती, आणि तिच्याच खाली, दोन मेसेज सोडून, गेटबाहेर भाजीची गाडी फार वेळ थांबते अशी तक्रार होती. भाजीवाल्याला हलवायला मीच वॉचमनला फोन केला.

बंधन पाळणं आपल्या लोकांना जमत नाही, असं त्या काळात फार बोललं गेलं. मला ते पटत नाही. त्याच वर्षी ३० जूनला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीत बसून पंढरपूरला गेल्या. ज्यांनी उभ्या आयुष्यात एक वारी चुकवली नव्हती ती माणसं घरी राहिली. आमच्या वॉचमनचे वडील त्यांतले. त्यांनी अंगणात तुळशीभोवती फेऱ्या घातल्या, रोज आळंदी ते पुण्याच्या अंतराएवढं चालायचं ठरवून, आणि गुडघे सुजवून घेतले. तिथे कुणी गेटच्या आत नव्हतं आणि कुणी बाहेर नव्हतं. देव एसटीत, भक्त घरात, सगळ्यांना सारखीच ताटातूट. म्हणून ती सोसली गेली, असं मला वाटतं. ज्या बंधनाची झळ घालणाऱ्यालाही लागते, ते माणसं निमूट सोसतात. निदान आपल्याकडची माणसं तरी.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही गेट उघडलं. नियम नवे केले. बाहेरून येणाऱ्याने हात धुवायचे, मास्क लावायचा, वॉचमन कपाळासमोर तापमानाची बंदूक धरणार, आकडा वहीत लिहिणार. वहीला रकाने मीच आखले होते : तारीख, नाव, कुणाकडे, तापमान, सही.

पहिल्या दिवशी मावशी आल्या. वाळल्या होत्या. मास्क साडीच्या काठाचा, घरी शिवलेला. मी मुद्दाम खाली गेले होते, काय बोलायचं हे न ठरवता. वॉचमनने बंदूक धरली, ९६.८. मावशींनी वहीत सही केली. बारा वर्षांत त्यांची सही मी पहिल्यांदा पाहिली. एकेक अक्षर सुटं, ठसठशीत. पेन खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

“ताई, तुमचं बघितलं का?”

माझं कुणी बघितलं नव्हतं. आत राहणाऱ्यांपैकी कुणाचंच बघितलं जात नव्हतं, आणि आता ऑफिसं सुरू झाल्यामुळे आम्हीही रोज बाहेर जात होतो, लिफ्टमध्ये शिरत होतो, त्याच जिन्याच्या कठड्याला हात लावत होतो. मी पुढे झाले, केस मागे घेतले आणि वॉचमनसमोर उभी राहिले. तो संकोचला. मावशींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग हळूच हात वर केला. ९७.४. मावशी वाकून आकडा बघत होत्या.

त्याने वही ओढली, तारीख घातली, माझं नाव लिहिलं. तिसऱ्या रकान्याशी पेन थांबलं.

“मॅडम,” तो म्हणाला, “कुणाकडे लिहू?”