काठावरचा उजेड

गेली काही वर्षे महिन्यातून दोनदा आम्ही वसईहून जव्हारला जातो. थोरल्या बहिणीचे घर तेथे आहे. तिच्या हातचे जेवण न घेता निघणे म्हणजे भांडण ओढवून घेणे; त्यामुळे परतीचा प्रवास नेहमी अंधारातच घडतो. विक्रमगडवरून मनोरला उतरेपर्यंत रस्त्याला दिवा असा क्वचितच भेटतो.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधील गोष्ट. पाऊस लागून राहिला होता. समोरून येणाऱ्या ट्रकने डोळे दिपवले आणि तो निघून गेल्यावर, डाव्या काठाने चालणारा, प्लास्टिकची खोळ पांघरलेला एक मनुष्य आमच्या पुढ्यात अकस्मात उभा राहिला. ब्रेक लागला. गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. तो आमच्याकडे पाहून किंचित हसला आणि चालू लागला. त्या हसण्याने आम्हांला रात्रभर झोप येऊ दिली नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते, हे आम्ही वर्गात फळ्यावर कितीदा मांडले असेल!

दुसऱ्याच दिवशी आम्ही जास्तीचे दिवे घ्यायला बाजारात गेलो. साडेआठशे रुपयांत एलईडी ड्रायव्हिंग लाइटची जोडी मिळाली. खोक्यावर प्रत्येकी 120 वॅट असे ठळक छापले होते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला स्वस्ताईचा मोह लवकर पडतो, हे कबूल करतो. दिवे बसले, लागले, आणि समोरचा रस्ता निळसर पांढऱ्या प्रकाशाने न्हाऊन निघाला. आम्ही भलतेच खूश झालो.

तो आनंद आठवडाभरच टिकला. एका संध्याकाळी आमच्याच गल्लीत समोरून स्कूटरवर येणारा शेजारी सरळ गटाराच्या कडेला जाऊन आडवा झाला. सुदैवाने कोपर खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. “मास्तर, काही म्हणजे काहीच दिसलं नाही हो,” तो म्हणाला. त्याच्या स्वरात राग नव्हता, आणि तेच अधिक बोचले. ट्रकवाल्याने आमचे जे केले तेच आम्ही त्याचे केले होते.

मग मात्र आम्ही गाड्यांची वायरिंग करणाऱ्या एका अनुभवी इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने मीटर लावला. दोन्ही दिवे मिळून 3 अँपियर ओढत होते. 12 व्होल्टच्या हिशेबाने 36 वॅट. “सर, खोक्यावरचे वॅट खोक्यातच ठेवायचे,” तो म्हणाला. नंतर गाडी भिंतीसमोर उभी करून त्याने दिवे लावले. आमच्या दिव्यांचा प्रकाश भिंतभर, थेट पत्र्यापर्यंत पसरला होता. वर कोठे थांबायचे हे त्या दिव्यांना ठाऊकच नव्हते.

तेथे आमचे खरे शिक्षण झाले. ड्रायव्हिंग लाइट लांबवर पाहण्यासाठी असतो. तो अप्परबरोबर लागावा आणि डिपर देताच विझावा, अशीच त्याची जोडणी हवी. फॉगलॅम्प खाली बसतो, रुंद पसरतो आणि त्याच्या प्रकाशाची वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ असते. आम्हांला न दिसलेला मनुष्य दूर नव्हता. तो काठावर होता. म्हणजे आम्ही दुकानात मागितले ते आमच्या गरजेचे नव्हतेच. शिवाय 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार गाडीच्या पुढे स्पॉटलाइट वा सर्चलाइट परवानगीवाचून लावता येत नाही, हे आम्हांला तेव्हा कोठे ठाऊक होते?

नवे दिवे घेण्याआधी त्याने जुन्याच हेडलाइटची पिवळी पडलेली काच घासून स्वच्छ केली, गंजलेली अर्थिंगची तार बदलली आणि बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचावे म्हणून रिले बसवला. खरे सांगायचे तर निम्मे काम तेवढ्यानेच झाले. हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब टाकण्याचा आमचा विचारही त्याने मोडून काढला. परावर्तक ज्या तारेसाठी घडवला तिच्या जागी दुसरे काही ठेवले की प्रकाश विस्कटतो.

शेवटी, बंपरमध्ये मुळातच असलेल्या खाचांत बसणारे साधे एलईडी फॉगलॅम्प घेतले, 3000 केल्विनचे, पिवळसर. पिवळा प्रकाश पाऊस भेदून जातो असे जो तो सांगतो. पावसाचे थेंब इतके मोठे असतात की त्यांना रंगाचे फारसे सोयरसुतक नसते. पण त्यात निळा अंश कमी असल्याने डोळ्यांना तिरीप कमी बोचते, हे खरे. घेताना लुमेनचे आकडे पाहिले नाहीत. पाहिली ती पाठीमागची ॲल्युमिनियमची पाती, कारण एलईडीही तापते आणि उष्णता निघून गेली नाही तर मंदावते. आणि पाहिले ते आयपी 67 हे चिन्ह, म्हणजे धूळ आत न जाणे आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरणे. रिले, फ्यूज आणि मजुरी धरून 3,200 रुपये पडले. पहिले साडेआठशे वेगळे.

आता विक्रमगडच्या उतारावर डावी कड, तिच्यावरचे गवत आणि चालणाऱ्यांची पावले आधी दिसतात. पावलांवरून माणूस ओळखायची सवय होत चालली आहे.

ती जुनी जोडी शेजाऱ्याने मागून नेली. वाडीतल्या गोठ्यात, एका जुन्या बॅटरीवर ती लागते. त्यातल्या एका दिव्याच्या काचेआड पहिल्याच पावसाळ्याचे पाणी अजून हलते आहे.