उरलेला स्क्रू

मोटार बाजारांत विकत मिळते, परंतु तिचें खरें स्वामित्व स्वतःच्या हातानें मिळवावें लागतें, अशी ज्या गृहस्थाची समजूत झाली, त्याच्या घरीं रविवारची सकाळ सुखरूप पार पडेलच असें सांगतां येत नाहीं. चहा घेऊन तो अंगणांत येतो, बॉनेट उघडतो, आणि रोग्याच्या छातीला नळी लावणाऱ्या डॉक्टराच्या गांभीर्यानें आंत डोकावतो. घरांतलीं फडकीं नाहींशीं होतात; स्वयंपाकघरांतली सांडशी हरवते. दुपारीं गाडी पुन्हां जोडून होते, आणि खालीं पसरलेल्या वर्तमानपत्रावर एक स्क्रू उरतो. तो कोठला, हें कोणालाच ठाऊक नसतें. गृहस्थ तो खिशांत टाकतो आणि म्हणतो, “हा जास्तीचाच होता.”

या उरलेल्या स्क्रूविषयीं मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

पनवेलला या विषयाच्या अभ्यासाची मोठी सोय आहे. मुंबईहून आलेला रस्ता येथून पुढें पळस्प्याजवळ फुटतो. एक फांटा बोरघाट चढून पुण्याला जातो, दुसरा कोंकणांतून गोव्याकडे वळतो. घाटापूर्वीं गाडी एकदां दाखवून घ्यावी, हें शहाणपण प्रवाशांना फार दिवसांपासून सुचत आलेलें असल्यामुळें रस्त्याच्या कडेला गॅरेजें पुष्कळ. त्यांतल्या एका गॅरेजच्या बांकावर, कॉलेजांतून परततांना, मी आजवर अनेक संध्याकाळीं बसलों आहें.

तेथें ऐकलेल्या कथांत पहिला मान तेल बदलण्याच्या कथेला द्यावा लागेल. गाडीच्या पोटाखालीं इंजिनाचें तेल सोडण्याचा नट असतो, तसाच गिअरपेटीचाही असतो. उताणें पडून पाहणाऱ्या नवशिक्याला दोन्ही सारखेच. तो गिअरपेटी रिकामी करतो आणि वरून इंजिनांत नवें तेल ओततो; म्हणजे एकीला कडकडीत उपास आणि दुसऱ्याला अपचन! दुसरी कथा प्लगांच्या तारांची. चार सिलिंडरांच्या पुष्कळ गाड्यांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा असतो. शाळेंत १-२-३-४ असें मोजायला शिकलेला सुशिक्षित मनुष्य तारा त्याच क्रमानें लावतो, आणि गाडी चालण्याऐवजीं दिवाळीचे बार काढूं लागते. तिसरा गृहस्थ चाक बदलतांना गाडी आधीं जॅकवर चढवतो आणि मग नट सोडवूं लागतो; नट हलत नाहीं, चाक मात्र अधांतरीं फिरत राहतें. सायकलच्या डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. क्रायस्लरच्या जुन्या डॉज आणि प्लिमथ गाड्यांच्या डाव्या चाकांचे नटही तसेच उलट्या आट्यांचे असत. हें ज्याला ठाऊक नाहीं, तो जितका जोर लावील तितका नट अधिक आंवळत जातो. बलवानाचें बळच त्याचें वैरी होतें, असें म्हणावयाचें!

या साऱ्या चुकांत एक गुण आहे. त्या बोलक्या आहेत. त्या तत्काळ, आणि बहुधा सर्व शेजाऱ्यांच्या देखत, आपलें अस्तित्व जाहीर करतात. फजिती होते खरी. परंतु जिच्यामुळें फजिती झाली ती चूक सहसा कोणाचा जीव घेत नाहीं. भय बाळगावयाचें तें चुकांच्या दुसऱ्या जातीचें. ती जात मुकी असते.

ब्रेकचें तेल हें नांवाचेंच तेल. बहुतेक मोटारींत तो ग्लायकोलच्या जातीचा द्रव असतो. इंजिनाचें तेल खनिज. ब्रेकच्या यंत्रणेंतल्या रबरी वाट्यांना खनिज तेल सोसत नाहीं. त्या तेल पिऊन फुगतात. पण हें लगेच घडत नाहीं. पहिल्या दिवशीं ब्रेक नेहमींसारखेच लागतात. मग ते लागले कीं सुटेनासे होतात, चाकें तापूं लागतात, आणि पुढें कोणत्या वळणावर ते दगा देतील याचा भरंवसा उरत नाहीं.

आमच्या शेजारच्या अप्पांच्या हातून १९९८ सालीं नेमकें हेंच घडलें. अप्पा बँकेंतून निवृत्त झालेले, हिशेब पै-पैचा. त्यांची गाडी पद्मिनी, म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यांत बनूं लागलेल्या फियाट ११०० चीच धाकटी बहीण. मुंबईच्या टॅक्सीच्या चाकरींतून ही पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरांत कायमची मोकळी झाली. अप्पांच्या अंगणांत मात्र तिला तेव्हां रविवारचीही सुटी नसे. अशाच एका रविवारीं अप्पांनीं ब्रेकच्या डबींत इंजिनाचें तेल ओतलें. डबा खालीं ठेवतांनाच चूक त्यांच्या ध्यानांत आली. वरवरचें तेल त्यांनीं कापसानें टिपून काढलें, योग्य द्रव भरला, आणि ते कोणाजवळ कांहीं बोलले नाहींत. गुरुवारीं मुलीला आणि तीन वर्षांच्या नातवाला घेऊन पुण्याला जावयाचें आणि शनिवारीं परतावयाचें होतें. द्रुतगतिमार्ग अजून व्हावयाचा होता.

बुधवारीं संध्याकाळीं चाकें तापूं लागलीं म्हणून ते गॅरेजांत आले. मी तेव्हां कॉलेजांत नुकताच लागलों होतों आणि त्या बांकावर बसलों होतों. “ब्रेक जरा घट्ट लागतायत, सैल करून दे,” एवढेंच ते मिस्त्रीला म्हणाले.

मिस्त्रीनें चाक फिरवून पाहिलें, डबीचें टोपण काढून आंत बोट बुडवलें, दोन बोटांमध्यें द्रव चोळला. मग हात पुशीत, अप्पांकडे न पाहतां तो म्हणाला, “सैल केले तर आज मोकळे होतील, अप्पा. पण येतांना घाट उतरायचाय. हात कुठं कुठं लावला होतात?”

अप्पा गप्प राहिले. पस्तीस वर्षें ज्यांनीं दुसऱ्यांच्या खातेवह्यांतल्या चुकांवर लाल शाईची खूण केली, त्यांना स्वतःची चूक उच्चारावयास किती वेळ लागतो, हें मीं त्या संध्याकाळीं पाहिलें. अखेर ते हळूच म्हणाले, “इंजिनाचं तेल पडलं माझ्या हातून. रविवारी. पुसून घेतलं होतं मी.”

मिस्त्री हंसला नाहीं. “सांगितलंत तें बरं झालं. सगळी रबरं नवी घालावी लागतील, नळ्या धुवाव्या लागतील. गाडी दोन दिवस राहूं द्या.” मुलगी आणि नातू दुसऱ्या दिवशीं एस. टी. नें पुण्याला गेलीं.

मोटारीच्या जन्मकाळींच घडलेली एक हकीकत येथें आठवते. १८८८ च्या ऑगस्टांत बर्था बेंझ ही बाई, नवऱ्याला न सांगतां, त्यानें बनवलेली मोटार घेऊन दोन मुलांसह मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेली. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती तिनें टोपीच्या पिनेनें मोकळी केली. झिजलेल्या ब्रेकांवर एका चांभाराकडून चामडें ठोकून घेतलें. चढावर तर मुलांनाच गाडी ढकलावी लागली. सफर चोरून केली, परंतु तींतले दोष तिनें चोरून ठेवले नाहींत. चढासाठीं आणखी एक गिअर पाहिजे, असें तिनें नवऱ्याला सांगितलें. आणि त्यानें तो बसवला. बायकोनें सांगितलेला दोष नवऱ्यानें मुकाट्यानें सुधारल्याचें उदाहरण म्हणूनही ही हकीकत संग्राह्य आहे!

आम्हां सुशिक्षितांची अडचण अशी, कीं लहानपणापासून चुकीचा मोबदला आम्हांला गुणांच्या वजाबाकींत मिळालेला असतो. इतकीं वर्षें उत्तरपत्रिका तपासतांना मीं पाहिलें आहे, कीं चुकलेलें उत्तर विद्यार्थी नुसतें खोडत नाहीं. तें मुळींच वाचतां येऊं नये इतकें गिरबटून टाकतो. तें वाचतां आलें असतें, तर तो कोणत्या पायरीवर घसरला हें शिक्षकाला कळलें असतें. शाईच्या त्या काळ्या ठिपक्याखालीं चुकीबरोबर तिचा उपायही गाडला जातो. वैद्याजवळ जातांना घरगुती काढ्यांची गोष्ट चोरणारे रोगी आणि मिस्त्रीजवळ जातांना रविवारची गोष्ट चोरणारे गृहस्थ या विद्यार्थ्याचेच वडीलबंधु होत.

म्हणून घरीं दुरुस्ती करूं नये, असें मी म्हणणार नाहीं. हात काळे झाल्यावांचून यंत्राची ओळख होत नाहीं, आणि ज्या यंत्रावर आपण आपलीं मुलेंबाळें सोंपवतों त्याची थोडी तरी ओळख असावी. माझी विनंति एवढीच, कीं उरलेला स्क्रू खिशांत टाकूं नये. तो उघड्या तळहातावर घेऊन गॅरेजांत जावें. तो कोठला, हें मिस्त्री एका दृष्टिक्षेपांत ओळखतो; आणि तो खरा जाणता असेल, तर ओळखतांना तो स्क्रूकडे पाहतो, आपल्या तोंडाकडे पाहत नाहीं.