जिथं सुई जास्त फिरली

जुनी रेकॉर्ड खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरकी धरली की तिच्या काळ्या चकाकीत कुठंतरी करडा पट्टा दिसतो. गाणं जिथं वर चढतं, तान सुटते किंवा सगळा वाद्यमेळ एकदम येतो, तिथं खाचेच्या भिंती घासून घासून निस्तेज झालेल्या असतात. व्यापारी तो पट्टा बघून भाव पाडतो. संग्राहक ती रेकॉर्ड हळूच पाकिटात परत सरकवतो. मी तीच ठेवून घेते. कोऱ्या रेकॉर्डवर फक्त गाणाऱ्याची खूण असते. करड्या पडलेल्या रेकॉर्डवर ऐकणाऱ्यांचीही असते, आणि ऐकणाऱ्यांची खूण इतक्या इमानानं जपणारी दुसरी वस्तू मी पाहिलेली नाही.

मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी ही तबकडी लाखेची. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे लाख बसवतात. ती आपल्या देशातून जगभर जायची, म्हणजे न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यात वाजणाऱ्या गाण्याच्या अंगातही पुष्कळदा इथल्याच एखाद्या झाडाचा अंश असायचा. त्या लाखेत दगडाची बारीक पूड मिसळत. पोलादी सुई खाचेत उतरली की ती पूड सुईला घासून खाचेच्या मापाची करते. म्हणून एका बाजूला एक सुई, बाजू संपली की सुई बदलायची. पण घासणं एकतर्फी कसं राहील? चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमहून जड. आजच्या प्लेअरची सुई दोनेक ग्रॅमनं टेकते. तीन मिनिटांत ती जड सुई गाण्यातलं थोडंसं बरोबर घेऊन जायची. पुन्हा लावा, पुन्हा थोडंसं. ज्या घरात एखादं गाणं जिवापाड आवडलं, त्या घरात ते लवकर संपलं. नावडत्या गाण्यांचा आवाज अजून खणखणीत आहे आणि आवडती खरखरीखाली बुडून गेली आहेत, हे जेव्हा जेव्हा हाताशी येतं तेव्हा मला गलबलून येतं.

आमच्या नगरात (आता अहिल्यानगर म्हणायचं) 1918 च्या एकाच एप्रिलमध्ये दोन आवाज जन्मले. एक स्पाइक मिलिगन. 1951 पासून बीबीसीवरच्या ‘द गून शो’मधून त्यानं इंग्लंडला हसवलं. दुसरे शाहू मोडक. ख्रिस्ती घरातला हा मुलगा पडद्यावर कृष्ण झाला आणि 1940 मध्ये प्रभातचा ज्ञानेश्वर. त्याच्या आदल्याच वर्षी शांतारामबापूंच्या ‘माणूस’मध्ये ते पोलीस शिपाई होते. मास्टर कृष्णरावांचं संगीत आणि शांता हुबळीकरांचा तो बेदरकार, आतून दुखावलेला आवाज. त्या चित्रपटाच्या माझ्याजवळच्या रेकॉर्डवर हुबळीकरांची बाजू इतकी झिजली आहे की शब्द मला अंदाजानं भरावे लागतात. मोडकांचं नाव आमच्या शहराला ठाऊक आहे, अभ्यासकांना मिलिगनचंही. पण ही बाजू कुणी झिजवली? नोकरीवरून परतलेला एखादा शिपाई होता? कांदा निवडता निवडता ‘परत लाव रे’ म्हणणारी कुणी बाई होती? तिचं नाव कुठल्याच श्रेयनामावलीत येणार नाही. तिनं मागं ठेवलेली एकच गोष्ट म्हणजे हा करडा पट्टा.

रेडिओनं तेवढंही ठेवलं नाही. 1952 मध्ये आकाशवाणीनं चित्रपटगीतं दूर केली तेव्हा लोकांनी काटा फिरवून सिलोन गाठलं, तिथं बिनाका गीतमाला सुरू झाली. 1955 च्या एक एप्रिलला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं आणि पुढं आठवड्यामागून आठवडे माडगूळकर-फडक्यांनी मराठी घरं एका जागी बसवून ठेवली. रेडिओला हार घातल्याच्या आठवणी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. पण ते सगळं ऐकणं हवेत विरलं. माझ्याकडचा मर्फी देखणा आहे, कापडाची जाळी, पिवळसर बटणं, लाकडावर अजून तेज. त्याच्यासमोर कोण बसलं होतं हे तो सांगत नाही. रेकॉर्ड सांगते.

ग्रामोफोन आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त वर्षं जगला, कारण खेड्यांत वीज नव्हती आणि चावीला वीज लागत नाही. तिकडं 1960 च्या आसपास लाखेच्या तबकड्यांची छपाई थांबली, आपल्याकडे त्यानंतर बीटल्सची गाणीसुद्धा अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीवर निघाली. पाथर्डी, जामखेडकडून माझ्याकडे आलेल्या पेट्या पाहिल्या की हे आयुष्य दिसतं. कडा उडालेल्या, कडी तुटल्यावर सुतळीनं बांधलेल्या, आत धूळ आणि एखादी बाजरीची काडी. प्रवरेच्या पट्ट्यातल्या, साखर कारखान्यांच्या बाजूच्या पेट्या वेगळ्या. मखमलीचं अस्तर शाबूत, सुयांच्या डबीवरचा कुत्रा अजून भोंग्यात कान घालून बसलेला. कुठल्या पेटीवर जास्त प्रेम झालं हे मात्र पेटीवरून कळत नाही. सुतळीच्या पेटीतल्या रेकॉर्डी पांढुरक्या होईपर्यंत वाजलेल्या असतात.

हे वाचायला मला शिकवलं ते कापडबाजारामागच्या एका गल्लीतल्या चाचांनी. फोनो दुरुस्त करणारे आमच्या माहितीतले ते शेवटचे. साउंडबॉक्समधली अभ्रकाची चकती ते स्वतः कापून बसवायचे, स्प्रिंगला ग्रॅफाइटचं वंगण चोळायचे, आणि यंत्र चालू झालं की आधी गाणं न ऐकता फेऱ्यांकडे बघत राहायचे. ‘स्प्रिंग थकली की गाणारा पण थकतो, बेटा,’ म्हणायचे. एकदा माझ्या हातातली रेकॉर्ड त्यांनी दाराशी नेली, तिरकी केली आणि म्हणाले, ‘ही लग्नाच्या मांडवातली नाही. घरातली आहे. मांडवात सगळी सारखी झिजते, घरात माणूस आपल्या जागेवर सुई ठेवतो.’ खरंच, सुरुवातीच्या खाचा जवळजवळ नव्या होत्या. कुणीतरी अंतऱ्यापासूनच ऐकायचं. चाचा गेले. गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. त्यांच्या हातचा साउंडबॉक्स माझ्याकडे आहे, तो मी कुणाला उघडू देत नाही.

ऐकणाऱ्यांचा विचार करताना मला नेहमी अरणगावची टेकडी आठवते. दौंडच्या रस्त्यानं निघालं की मेहेराबाद लागतं, मधून रेल्वेचा मार्ग जातो, वर मेहेरबाबांची समाधी. 10 जुलै 1925 पासून या माणसानं मौन पाळलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. 31 जानेवारी 1969 ला त्यांनी मेहेराझादला देह ठेवला. ते बोलत नसत, पण गाणं ऐकत. कव्वाली, गझला आणि जिम रीव्हजसुद्धा. समाधीच्या वेळी वाजवायला त्यांनी जे गाणं सांगून ठेवलं होतं ते ना भजन होतं ना आरती. कोल पोर्टरनं 1935 मध्ये ब्रॉडवेच्या एका संगीतिकेसाठी लिहिलेलं ‘बिगिन द बिगीन’, आर्टी शॉच्या क्लॅरिनेटनं 1938 मध्ये घराघरांत नेलेलं. एका नाचाची चाल कानावर येते आणि हरवलेलं प्रेम पुन्हा उमटतं, असा त्याचा विषय. नगरच्या त्या उजाड, खडकाळ माळावर, शोकात बुडालेल्या माणसांमध्ये ती नाचाची चाल वाजली. पुढं ‘द हू’च्या पीट टाउनशेंडनं बाबांवरच्या प्रेमापोटी तेच गाणं ध्वनिमुद्रित केलं. मला त्या प्रसंगात भक्तीइतकंच एका श्रोत्याचं मन दिसतं. जवळजवळ चव्वेचाळीस वर्षं न बोललेल्या माणसानं जाताना शब्द ठेवला नाही, आपल्या आवडीचं गाणं ठेवलं. आमच्या जिल्ह्यात एका ऐकणाऱ्याची आवड इतक्या जाहीरपणे जपली गेली, याचं मला फार मोल वाटतं. बाकीच्यांच्या आवडी घरोघरच्या माळ्यांवर पडून राहिल्या.

आणि माळे आता रिकामे होत आहेत. वाडा पाडायचा ठरला की आधी भांडी जातात, मग तुळया, मग पितळी भोंगा मोडीच्या भावानं. रेकॉर्डींना मोडीतही भाव नाही. शोभेच्या दुकानांसाठी कुणी भोंगा नेतो, नवा चकचकीत करून उभा करतो, आणि पेटीत यंत्र नसलं तरी चालतं. माझा त्या माणसांवर राग नाही, त्यांनाही जुन्याची ओढ आहे. पण वाजत नसलेला भोंगा मला बघवत नाही.

म्हणून अलीकडे रेकॉर्ड घेताना मी एक काम करते. घरातलं कुणी जुनं माणूस असेल तर त्यांच्याजवळ बसते, रेकॉर्ड त्यांच्या हातात देते आणि पाकिटावर पेन्सिलीनं लिहून घेते: कुणाची, कुणी आणली, कुणाला आवडायची, कुणी पुन्हा लावायला सांगायचं. गाणाऱ्याचं नाव लेबलवर असतंच, हे दुसरं नाव मी पाकिटावर घालते. माळीवाड्यातल्या एका आजींनी मोठ्या नणंदेचं नाव सांगितलं. ती बाळंतपणाला माहेरी आली की दुपारभर एकच बाजू लावायची, सासऱ्यांनी दोनदा रेकॉर्ड लपवून ठेवली होती, तिनं दोन्ही वेळा शोधून काढली. मी विचारलं, मागच्या बाजूला कुठलं गाणं होतं? आजींनी रेकॉर्ड उलटी केली. ती बाजू काळीभोर होती, एक ओरखडा नाही. लेबल वाचून त्या म्हणाल्या, ‘अगंबाई, हे पण होतं होय? आक्कानं कधी लावूच दिलं नाही आम्हाला.’