बारा यार्डांचें अंतर

खेळांतलें आम्हांस फारसें कळत नाहीं, हें प्रारंभींच कबूल केलेलें बरें. तथापि घरांत फुटबॉलवेडा पुतण्या असल्यावर रात्रीची झोप आपल्या मालकीची राहत नाहीं. २०१० सालच्या जुलै महिन्यांत, जागतिक स्पर्धेंतील घाना आणि उरुग्वे यांचा सामना आम्हीं त्याच्याच आग्रहामुळें पाहिला. सामना चालला होता जोहान्सबर्गला; आमच्याकडे मध्यरात्र केव्हांच उलटून गेली होती.

दोन्ही संघांचा एकेक गोल झालेला, आणि जादा वेळही संपत आलेला. घानाच्या खेळाडूनें डोक्यानें मारलेला चेंडू गोलांत शिरणार, एवढ्यांत उरुग्वेच्या लुइस सुआरेझनें तो हातांनीं अडविला. पंचांनीं त्याला मैदानाबाहेर घालविलें आणि घानाला पेनल्टी दिली. ती साधली असती, तर आफ्रिकेंतला संघ प्रथमच उपान्त्य फेरींत पोंचला असता. तो मान पुढें २०२२ सालीं मोरोक्कोला मिळाला. गोलापासून बारा यार्डांवर चेंडू ठेवण्यांत आला आणि असामोआ ग्यान पुढें झाला. सर्बिया व ऑस्ट्रेलिया यांच्याविरुद्ध याच स्पर्धेंत त्यानें पेनल्टीवर गोल केले होते. या वेळीं मात्र चेंडू वरच्या आडव्या दांड्यावर आदळून बाहेर गेला.

“घात केला गड्यानें!” आम्ही उद्गारलों. बसल्या खुर्चींतून दुसऱ्याचा न्याय करणें किती सोपें असतें!

मग निकालासाठीं दोन्ही संघ आळीपाळीनें पेनल्टी मारूं लागले. घानाच्या वतीनें पहिला कोण यावा? तोच ग्यान! कांहीं मिनिटांपूर्वीं ज्या अंतरावरून त्याचा चेंडू हुकला, त्याच अंतरावर तो पुन्हा उभा राहिला आणि त्यानें चेंडू गोलाच्या वरच्या भागांत अचूक मारला. पुढें घाना ४–२ असा हरला व ग्यान ढसढसा रडला. पुतण्याही रडत होता. डोळे पुशीत त्यानें विचारलें, “काका, तो पुन्हा कसा हो गेला?”

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं, आणि त्याला कारण होतें. शाळेंत असतां वक्तृत्वाच्या स्पर्धेंत आम्ही एकदां व्यासपीठावर चढलों होतों. तिसऱ्या वाक्याशीं जीभ टाळ्याला चिकटली ती सुटेना. मुलें हंसलीं, आम्ही खाली उतरलों. घरीं आई पाठीवरून हात फिरवीत म्हणाली, “राहूं दे हो बाळ, पुन्हा नको जाऊंस तिथं.” तिचे ते शब्द आम्हीं जन्मभर ढालीसारखे वापरले. कधीं घसा बसला, कधीं पडसें झालें. वडिलांच्या शोकसभेंत दोन शब्द बोलण्याची विनंती झाली, तेव्हांही आम्ही शेवटच्या रांगेंत मान खालीं घालून बसून राहिलों. त्या गोष्टीची लाज अद्याप गेलेली नाहीं.

त्या रात्रीपासून आम्ही ग्यानची वार्ता मात्र आवडीनें ठेवूं लागलों. अक्रा शहरांत १९८५ सालीं जन्मलेला हा मुलगा २००३ मध्यें इटलींतील उदिनेझे संघानें नेला. पुढें फ्रान्समध्यें रेन, इंग्लंडांत संडरलंड, अरब अमीरातींत अल ऐन, मग चीन, तुर्कस्तान, असा परमुलखांतच त्याचा संसार झाला. अल ऐनकडून खेळतांना लागोपाठ तीन हंगाम तेथील लीगमध्यें सर्वांत अधिक गोल त्याचेच होते. २०१९ सालीं तर तो आपल्या देशांत, गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेड संघांत आला. पण दुखापतीमुळें त्याचा मुक्काम अल्पच ठरला.

हा मनुष्य पोलादाचा बनला होता असें मात्र नव्हे. २००६ च्या जागतिक स्पर्धेंत चेक संघाविरुद्ध त्यानें दुसऱ्याच मिनिटाला गोल केला, आणि त्याच सामन्यांत त्याची पेनल्टी खांबावर आदळली. २००८ सालीं मायदेशीं चाललेल्या आफ्रिकेच्या स्पर्धेंत लोकांच्या टीकेनें तो इतका विटला कीं सामान बांधून संघ सोडावयास निघाला होता. म्हणजे पळून जावेंसें त्यालाही वाटलें होतें. फक्त तो गेला नाहीं. देशासाठीं तो १०९ सामने खेळला व ५१ गोल केले. जागतिक स्पर्धांतील त्याच्या सहा गोलांइतके गोल आफ्रिकेच्या दुसऱ्या कोणाही खेळाडूनें तोंवर केले नव्हते.

२०१२ च्या आरंभीं झांबियाविरुद्धच्या उपान्त्य सामन्यांत त्याची पेनल्टी पुन्हा हुकली. त्याच वर्षीं त्याची आई मोटार-अपघातांत गेली. देशासाठीं आतां पेनल्टी मारूं नकोस, असें तिनें त्याला सांगितलें होतें, आणि तिच्या इच्छेला मान देऊन तसें करण्याचें त्यानें जाहीर केलें. हें वाचून आम्ही बराच वेळ स्तब्ध बसलों. आईचें काळीज सगळीकडे सारखेंच! परंतु त्याच्या आईनें “पुरे” म्हटलें, तें लेकानें पुनःपुन्हा पुढें होऊन जखमा सोसल्यावर. आम्हीं मात्र पहिल्याच ओरखड्याला आईच्या मायेआड तोंड लपविलें. दोष तिच्या शब्दांचा नव्हता.

२०२३ च्या जूनमध्यें ग्यान निवृत्त झाला. त्याच वर्षीं आमच्या वाचनालयाच्या वार्षिक समारंभांत चार शब्द बोलण्याची विनंती झाली. घसा बसला आहे असें सांगण्यासाठीं तोंड उघडलें होतें. पण शेजारीं पुतण्या उभा होता. आम्ही ‘बरें’ म्हणालों. त्या दिवशीं तिसऱ्या नाहीं, पण पांचव्या वाक्याशीं जीभ अडलीच. क्षणभर सभा गप्प झाली. मग आम्हीं सहावें वाक्य घेतलें. टाळ्या बेताच्याच पडल्या. घरीं परततांना पुतण्या म्हणाला, “काका, पुढच्या वर्षीं लिहून न्या.”

पुढच्या वर्षीं! एवढें पुरेसें होतें.